नाणेघाट ते कातामार्का : खनिजांची सुरक्षित वाट



मुरबाडकरांना नाणेघाटाची ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरांतील माल याच घाटाने जुन्नरला चढत असे. जीवधन किल्ला आजही त्या वाटेवर नजर ठेवून उभा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात मात्र एक बोलकी नोंद आहे. सत्तांतरानंतर कल्याणला येणारी ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात. बंदर तेच, माल तोच. पण वाट दुसऱ्याच्या हाती गेली आणि व्यापार अडला.

आज मालाचे नाव तेवढे बदलले आहे. लिथियम, कोबाल्ट आणि दुर्मिळ मृदा मूलद्रव्ये यांवाचून विजेवरील वाहने, पवनचक्क्या वा क्षेपणास्त्रे घडत नाहीत. एप्रिल २०२५ मध्ये चीनने अशा सात मूलद्रव्यांवर व त्यांच्या चुंबकांवर निर्यातबंधने घातली आणि आपल्या वाहन उद्योगाची झोप उडाली. २०१० साली जपाननेही हाच अनुभव घेतला होता.

भारत स्वस्थ बसलेला नाही. २०२३ मध्ये ३० महत्त्वपूर्ण खनिजांची सूची निश्चित झाली. त्याच वर्षी भारत अमेरिकाप्रणीत खनिज सुरक्षा भागीदारीत सहभागी झाला. जानेवारी २०२४ मध्ये ‘काबिल’ या सरकारी कंपनीने अर्जेंटिनाच्या कातामार्का प्रांतात लिथियमच्या पाच क्षेत्रांसाठी करार केला. जानेवारी २०२५ मध्ये १६,३०० कोटी रुपयांच्या राष्ट्रीय अभियानाला मंजुरी मिळाली.

परंतु मैत्री हा स्वावलंबनाला पर्याय नव्हे. खनिज आपले आणि शुद्धीकरण परक्याचे, असे झाले तर लाभही परक्याचाच. हे शहापूरला कोणी शिकवावे? १८९२ मध्ये तानसा धरण झाले, पुढे भातसा झाले. मुंबईची तहान भागली; पण येथील पाड्यांवर उन्हाळ्यात आजही टँकरची वाट पाहिली जाते. कातामार्काचे लिथियमही जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यातूनच काढायचे आहे आणि तेथील गावकऱ्यांनाही पाण्याचीच चिंता आहे. जे दुःख शहापूरने भोगले, ते दुसऱ्याच्या गावावर लादून मिळवलेली सुरक्षितता भारताला शोभणारी नाही. भागीदारी आणि लूट यांतील भेद येथेच आहे.

प्रत्येक कुटुंबाचाही यात वाटा आहे. निकामी मोबाईल आणि बॅटऱ्या कचऱ्यात न टाकता अधिकृत संकलन केंद्राकडे द्याव्यात. त्यांतही हीच खनिजे आहेत. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीकडे नोकरीसाठी पाहणाऱ्या तरुणांनी धातुशास्त्र आणि रसायनशास्त्राकडेही वळावे. परकीय मित्र अवश्य जोडावेत. पण घाटावरचा पहारा आपलाच असावा.