जंगल कोणाचे?



गाय रानात शिरली की कोंडवाडा, मोळी आणली की दंड. हा जाच आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या सोसला. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यांत जंगलखात्याने गायराने गिळल्याचे गाऱ्हाणे आहेच. कागदाच्या गिरण्यांस मात्र बांबू सवलतीने मिळे. हा कोठला न्याय?

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरवून त्यावर रानवासीयांचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावाने २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळविला. तरी बांबू वाहण्याचा परवाना खाते देईना! गाव हटले नाही. २७ एप्रिल २०११ रोजी परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले.

आमचे सांगणे एवढेच : हक्क मागाल, तर राखणही करा. कोवळे कोंब तोडू नका, वणवा लागू देऊ नका, पैशाचा हिशेब सभेत मांडा. गिरणीस बांबू जरूर द्यावा. भाव मात्र ग्रामसभेने ठरवावा. नाही तर साहेबाच्या खुर्चीत आपल्यातलाच ठेकेदार बसेल. मग हक्क मिळून आपण मिळविले काय?