जुन्या गोव्याचें कॅथेड्रल

भंडारा जिल्ह्यांतील मोहाडीसारख्या गांवीं जो वाढला, त्याला देऊळ आणि गांव हीं निरनिराळीं कल्पितां येत नाहींत. चौंडेश्वरीचें नांव घेतलें कीं त्याबरोबर घरें, बाजार आणि नवरात्रांत लोटणारी माणसें डोळ्यांपुढें येतात. असा प्रवासी मांडवीच्या कांठीं जुन्या गोव्यांत उतरला म्हणजे प्रथम बुचकळ्यांत पडतो. आशियांतील अत्यंत मोठ्या चर्चांपैकीं एक त्याच्या समोर असतें. पण ज्या नगराकरितां तें बांधलें, तें नगर कोठेंच दिसत नाहीं.

कॅथेड्रल म्हणजे नुसतें मोठें चर्च नव्हे. जेथें बिशपाचें आसन असतें, त्याच चर्चला हें नांव शोभतें; पोर्तुगीज लोक त्याला ‘से’ म्हणतात. येथील ‘से’ संत कॅथरिनला वाहिलेलें आहे, कारण तिच्या सणाच्या दिवशीं, २५ नोव्हेंबर १५१० रोजीं, आल्बुकर्कनें आदिलशहाकडून हें शहर जिंकलें. काम १५६२ सालीं निघालें, इमारत १६१९ त उभी राहिली आणि आंतील वेद्या पुऱ्या व्हावयास १६५२ साल उजाडलें. दोन मनोऱ्यांपैकीं एक १७७६ सालीं कोसळला, तो पुनः बांधला गेला नाहीं. उरलेल्या मनोऱ्यांत प्रसिद्ध सुवर्णघंटा आहे. एका बाजूनें उणा असलेला तो दर्शनी भाग चित्रकारास कदाचित् अधिकच मोहक वाटेल. परंतु मनोरा पडला त्यापूर्वींच, १७५९ मध्यें, व्हाइसरॉयनें आपलें बिऱ्हाड पणजीकडे हलविलें होतें. रोगांच्या साथींनीं शहर ओसाड पडत चाललें होतें. १८४३ सालीं राजधानीहि रीतसर पणजीस गेली. जवळच्या टेकडीवरील संत ऑगस्टिनच्या चर्चची कमान १८४२ त ढासळली. आज तेथें जांभ्या दगडाचा भग्न मनोरा तेवढा शिल्लक आहे.

सेच्या सोनेरी वेदीपुढें उभ्या राहणाऱ्या मराठी माणसानें आणखी एक गोष्ट विसरूं नये. १५६० सालीं गोव्यांत इन्क्विझिशन स्थापन झालें. तें कायमचें मोडावयास १८१२ साल यावें लागलें. त्याच काळांत कुठ्ठाळीचा मंगेश नदी ओलांडून प्रियोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास नेण्यांत आली. सेचे खांब चढत होते, तेव्हां पलीकडच्या रानांत परागंदा देवांसाठीं आसरे उभे राहत होते. म्हणून गोवें पाहणाऱ्यानें दोन्ही कांठ पाहावेत. एकच पाहून परतणाऱ्याची यात्रा अर्धीच होते.

मात्र हिशेब इतका सरळहि नाहीं. इंग्लंडांतून आलेले फादर स्टीफन्स १५७९ सालीं गोव्यांत पोहोंचले. हें चर्च अजून अपुरें असतांना त्यांनीं मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण रचलें. तें १६१६ सालीं राचोल येथें छापलें गेलें. ज्या सत्तेनें येथील देवळें पाडलीं, तिच्याच छायेखालीं मराठी ओवीला असा पाहुणचार मिळाला.

परततांना संत काजेतानच्या चर्चजवळ क्षणभर थांबावें. तेथें काळ्या दगडाची एक चौकट उभी आहे. ती आदिलशहाच्या वाड्याच्या दरवाजाची, असें सांगतात. तिच्यामागें वाडा नाहीं.