आधी यंत्रावर, मग माणसावर



आपल्या पालघर जिल्ह्यातल्या वसई, नालासोपारा, विरार या पट्ट्यात पित्ताशयातल्या खड्यांचं दुर्बिणीतून ऑपरेशन करून घ्यायला आज मुंबई गाठावी लागत नाही. पोटावर तीन-चार छोटी भोकं पाडतात आणि एक-दोन दिवसांत माणूस घरी येतो. 1990 साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी हे ऑपरेशन भारतात पहिल्यांदा केलं. पण त्यांची तयारी त्याच्या कितीतरी आधीची होती. 1972 पासून ते दुर्बिणीनं पोटाची तपासणी करत होते. पहिलं पित्ताशय काढलं तेव्हा त्यांच्या हाताला आणि नजरेला अठरा वर्षांची सवय होती.

जगात सगळीकडे असं झालं नाही. नवं तंत्र आल्याबरोबर अनेक सर्जन एक-दोन दिवसांचा कोर्स करून ऑपरेशनला उभे राहिले, आणि पित्तनलिकेला इजा होण्याचं प्रमाण वाढलं. ही नळी चुकून कापली गेली तर रुग्णाला वर्षानुवर्षं त्रास भोगावा लागतो. शेवटी 1992 साली अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्याला सांगावं लागलं, की अनुभवी सर्जनच्या देखरेखीखाली किमान पंधरा ऑपरेशनं केल्याशिवाय कोणाला स्वतंत्रपणे हे काम करू देऊ नका.

पण ती पहिली पंधरा ऑपरेशनं कोणावर व्हायची? मला वाटतं, खरा प्रश्न हाच आहे. नवखा हात आजवर बहुतेक सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णावरच तयार होत आला. जव्हार-मोखाड्याहून एसटीनं आलेला माणूस, कोणत्या डॉक्टरच्या हातून ऑपरेशन होणार हे विचारायचं धाडस करत नाही. शिकण्याची किंमत त्यानं का मोजावी?

हे शिक्षण अवघड का, ते आधी पाहू. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सर्जनचा हात पोटाबाहेर असतो. फूटभर लांबीचं हत्यार पोटाच्या भिंतीतल्या भोकावर टेकलेलं असतं. अर्नाळ्याच्या कोळ्याचं वल्हं होडीच्या काठावर टेकतं, हात पुढे गेला की पातं मागे जातं. तसाच हा प्रकार. हात उजवीकडे नेला की हत्याराचं टोक डावीकडे सरकतं. शिवाय नजर हातावर ठेवता येत नाही, ती समोरच्या पडद्यावर असते. आणि साध्या पडद्यावर खोलीचा अंदाज येत नाही. हे पुस्तक वाचून जमत नाही. हातालाच शिकावं लागतं.

त्यासाठी एक साधा सराव जगभर रूढ आहे. बंद पेटीत खुंट्या लावलेली पट्टी ठेवायची, वर कॅमेरा लावायचा. एका बाजूच्या सहा खुंट्यांवर सहा छोटे ठोकळे. डाव्या हातातल्या हत्यारानं एकेक उचलायचा, अधांतरी उजव्या हातात द्यायचा आणि पलीकडच्या खुंटीवर बसवायचा. सगळे झाले की उलट क्रमानं परत आणायचे. टेक्सासमधल्या अभ्यासकांनी निष्णात सर्जनांच्या कामावरून यासाठी 48 सेकंदांची पातळी ठरवली. ती एकदा गाठून भागत नाही, पुन्हा पुन्हा गाठावी लागते. असे काही सराव मिळून झालेली चाचणी उत्तीर्ण झाल्याशिवाय अमेरिकेत जनरल सर्जरीचं बोर्डाचं प्रमाणपत्र मिळत नाही.

संगणकाचा सिम्युलेटर याच्या पुढची पायरी. हातात हत्याराच्या मुठी, समोर पडद्यावर यकृत आणि पित्ताशय. पित्ताशयाकडे जाणारी नळी आणि रक्तवाहिनी या दोनच गोष्टी आत शिरताना स्वच्छ दिसेपर्यंत काही कापायचं नाही, हा या ऑपरेशनमधला सोन्यासारखा नियम. घाईनं भलतीच जागा कापली तर पडद्यावर रक्त वाहू लागतं. विद्यार्थी थांबतो, चूक पाहतो आणि पहिल्यापासून सुरुवात करतो. माणूस मात्र कुठेही जखमी झालेला नसतो. यंत्र प्रत्येक हालचालीची नोंदही ठेवतं: किती वेळ लागला, कोणत्या हाताचं हत्यार किती अंतर फिरलं, चिमटा योग्य जागी बसला का.

याचा खऱ्या ऑपरेशनमध्ये उपयोग होतो का? अमेरिकेतल्या येल विद्यापीठात हे तपासलं गेलं. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सोळा शिकाऊ सर्जन होते. निम्म्यांनी नेहमीच्या पद्धतीबरोबर संगणकावरही सराव केला. पडद्यावर अवयवसुद्धा नव्हते, नुसते गोळे आणि चौकटी. पण त्यांना अमुक तास सराव करा असं सांगितलं नव्हतं. अनुभवी सर्जनांची पातळी गाठेपर्यंत करा, असं सांगितलं होतं. पुढे प्रत्यक्ष पित्ताशयाच्या ऑपरेशनमध्ये या गटाचं काम 29 टक्के कमी वेळात झालं. सराव न केलेल्या गटाकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलता भाग भाजण्याची शक्यता पाचपट होती.

हाताच्या कौशल्याचा रुग्णाच्या प्रकृतीशी थेट संबंध असतो, याचाही पुरावा आहे. मिशिगन राज्यातल्या वीस सर्जनांनी लठ्ठपणावरच्या आपल्या ऑपरेशनचा एकेक व्हिडिओ दिला. इतर सर्जनांनी नाव न कळता त्यांना गुण दिले. 2013 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सर्वात कमी गुणांच्या गटातल्या सर्जनांच्या रुग्णांमध्ये गुंतागुंतीचं प्रमाण 14.5 टक्के, तर सर्वात जास्त गुणांच्या गटात 5.2 टक्के.

आपल्या परंपरेला ही कल्पना परकी नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातला नववा अध्याय याच विषयाचा आहे. छेद घ्यायचा सराव कोहळ्या-भोपळ्यावर करावा, शीर टोचण्याचा सराव मेलेल्या जनावराच्या शिरेवर आणि कमळाच्या देठावर, टाके घालण्याचा सराव कापडावर आणि मऊ कातड्यावर. आणि कितीही शास्त्र वाचलं असलं तरी असा सराव न केलेला माणूस काम करायला लायक नाही, असं तिथं बजावलं आहे.

आज आपण काय करतो? सर्जरीच्या एमएसच्या अंतिम परीक्षेत लेखी पेपर असतात, रुग्ण तपासून निदान सांगावं लागतं, तोंडी परीक्षा होते. हात कसा चालतो हे मोजायला तिथं फारशी जागा नाही. 2020 च्या राष्ट्रीय नियमावलीनं एमबीबीएसच्या कॉलेजांना स्किल लॅब, म्हणजे सरावाची खोली, सक्तीची केली, हे चांगलं झालं. पण खोली उघडणं आणि विद्यार्थ्याला ठरावीक पातळी गाठायला लावणं, यात मोठं अंतर आहे.

यंत्राच्या मर्यादाही सांगायला हव्यात. ऑपरेशन करावं की नाही, दुर्बीण बाजूला ठेवून पोट उघडायची वेळ केव्हा आली, नातेवाइकांशी काय बोलावं, हे सिम्युलेटर शिकवत नाही. ते गुरूच्या शेजारी उभं राहूनच येतं. हात आधीच तयार असला, तर गुरूचा वेळ याच शिकवणुकीला मिळतो.

आता आपल्या जिल्ह्याचं बोलतो. पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉक्टरांना आता तीन महिने जिल्हा पातळीवरच्या सरकारी रुग्णालयात काम करावं लागतं. उद्या असे तरुण सर्जन पालघर-जव्हारच्या वॉर्डांत उभे राहतील. त्यांच्या हातांची चाचणी आधी झालेली असावी, एवढा हक्क आपल्या आदिवासी रुग्णाला आहे. महागडं यंत्र प्रत्येक ठिकाणी येणार नाही, पण खुंट्या आणि कॅमेऱ्याची पेटी थोडक्या खर्चात कुठेही मांडता येते. आरोग्य विद्यापीठानं सरावाची पातळी ठरवावी, ती गाठल्याची नोंद प्रत्येकाच्या नावावर ठेवावी, आणि ती नोंद असल्याशिवाय कोणाच्याही हाती रुग्ण देऊ नये. सरकारी वॉर्डातला रुग्ण आणि खासगी रुग्णालयातला रुग्ण, दोघांनाही तयार हातच मिळाला पाहिजे.