"बाई, अंग बाहेर येते"
(मुखेड येथील मेळाव्यात दिलेले भाषण)



आज मी ज्या दुखण्याविषयी बोलणार आहे, ते तांड्यावर मला नेहमी कानात सांगितले जाते. "बाई, अंग बाहेर येते." गर्भपिशवी, लघवीची पिशवी आणि आतडे यांना खालून तोलून धरणारे स्नायू सैल पडले की हे अवयव खाली उतरतात. अनेक बाळंतपणे, जड ओझी, जुनाट खोकला, शौचाला कुंथणे आणि वाढते वय ही त्याची कारणे. आपल्या तालुक्यातून ऊसतोडीला जाणारी बाई ओली बाळंतीण असतानाही डोक्यावर मोळी घेते. मग स्नायू सावरणार कधी?

गडचिरोलीत डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतील 650 स्त्रिया तपासल्या. 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये ते प्रसिद्ध झाले. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग होता. आधी तपासणी झालेल्या मात्र 8 टक्केच. शुभवर्तमानातील रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीनेही बारा वर्षे सोसले आणि जवळचे सारे वैद्यांवर खर्चिले.

आजही खर्च होतो तो घाईच्या ऑपरेशनवर. बीड जिल्ह्यात 2019 च्या सरकारी पाहणीत 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पिशवी काढल्याने सैल स्नायू घट्ट होत नाहीत. पुढे योनीमार्गाचा वरचा भागही खाली येऊ शकतो.

मग करायचे काय? आधी तपासणी. त्रास थोडा असेल तर व्यायाम. वारा अडवून धरतो तसे खालचे स्नायू आत वर ओढायचे, पाच आकडे मोजायचे, तेवढाच वेळ सैल सोडायचे. असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. श्वास रोखायचा नाही. खोकण्याआधी, घागर उचलण्याआधी हेच करायचे. निदान तीन महिने नेमाने करावे. 2014 साली 'लॅन्सेट'मध्येच आलेल्या 447 स्त्रियांच्या अभ्यासात असा शिकवून घेतलेला व्यायाम करणाऱ्यांचा त्रास वर्षभराने कमी झालेला दिसला. पूर्ण बाहेर आलेले अंग मात्र व्यायामाने आत जात नाही. तेथे डॉक्टर रिंग बसवतात; ती वेळोवेळी तपासून घ्यावी लागते. काहींना ऑपरेशन खरोखरच लागते.

ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि भरपूर पाणी घ्या, म्हणजे कुंथावे लागणार नाही. तंबाखू आणि चुलीचा धूर टाळा. पाला, बोळा, औषधाची पुरचुंडी आत घालू नका, जखम चिघळते. लघवी अडली, रक्त गेले, घाण वासाचे पाणी गेले किंवा बाहेर आलेल्या भागाला जखम झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

बंधूंनो, आता तुमच्याशी बोलते. घरात बाळंतीण असेल तर निदान सहा आठवडे घागर आणि सरपण तुम्ही उचला. मंडळीला माझी विनंती आहे : तपासणीला जाणाऱ्या बाईचा त्या दिवसाचा रोज बुडतो, गाडीभाडे लागते आणि सोबतीला कोणी नसते. आपल्या मदतीतून आधी या तीन गोष्टी व्हाव्यात. व्यायाम मी फुकट शिकवीन. पण बाई दारापर्यंत आली, तरच.