भोवरा, ६१७४ आणि उष्णतेची लाट

भोवरा हे लाकडी खेळणे खाली निमुळते असते आणि त्याच्या टोकाला लोखंडी आर बसवलेली असते. दोरी गुंडाळून तो झटक्याने फेकला की आरेवर गरगर फिरतो. वेग असेपर्यंत गुरुत्वाकर्षण त्याला पाडू शकत नाही. कललेला अक्ष फक्त सावकाश गोल फिरत राहतो. घर्षणाने वेग ओसरला की भोवरा डगमगतो आणि आडवा होतो.

६१७४ हा कापरेकर स्थिरांक. देवळालीचे शिक्षक दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांनी तो शोधला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी. तिचे अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करावी आणि येणाऱ्या उत्तरावर हीच कृती पुन्हा करावी. ३५२४ घेतल्यास ३०८७, मग ८३५२ आणि तिसऱ्या वेळी ६१७४ मिळते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत हाच आकडा येतो आणि पुढे बदलत नाही.

उष्णतेची लाट म्हणजे केवळ कडक ऊन नव्हे. भारतीय हवामान विभागाच्या निकषानुसार, मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश सेल्सिअस आणि सरासरीपेक्षा निदान ४.५ अंशांनी जास्त हवे, किंवा पारा थेट ४५ अंशांवर पोहोचायला हवा. सोलापुरात मे महिन्यात चाळिशी नेहमीचीच. म्हणून तिथे ४१ अंशांना लाट म्हणत नाहीत. तरी दुपारचे ऊन टाळणे आणि तहान नसतानाही पाणी पिणे हिताचेच.