कोयत्याचा करार

गळीत हंगामात कोरेगाव परिसरात बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेताना करारातलं एकक असतं 'कोयता', म्हणजे नवरा-बायकोची जोडी. माणूस असा हत्याराच्या नावानं मोजला जातो. त्याला काय येतं, याची नोंद क्वचितच. वास्तविक ऊस जमिनीलगतच तोडावा लागतो, कारण साखर बुडख्याकडे जास्त असते. वाढं छाटणं, पाचट काढणं, मोळी बांधणं आणि ती डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवणं, हे काही पहिल्या दिवशी जमत नाही.

2019 च्या वेतन संहितेनं किमान वेतनासाठी अकुशल, अर्धकुशल, कुशल, अतिकुशल असे स्तर मानले आहेत. पण कौशल्य कागदावरच नसेल, तर स्तर ठरणार कशावरून? मजुरी टनावर मिळते, मग हे लिहायचं कशाला, असं कोणी म्हणेल. पण बुडखा उंच राहिला की बोलणी तोडणाराच खातो. म्हणजे कौशल्य अपेक्षित आहे, त्याचा दाम तेवढा लिहिलेला नाही. लिहिलं तर मुकादम त्याच कलमावर पैसे कापेल, ही भीती मात्र खरी. म्हणून कामाच्या वर्णनाशेजारीच दर, वजन कोणासमोर होणार ते आणि बायकोचं स्वतंत्र नाव हवं.