पाप कोणतें, आणि तें ठरवावें कोणीं?

मुंबईच्या विल्सन कॉलेजांत गणित शिकविणारे रघुनाथ धोंडो कर्वे यांना १९२५ सालीं आपली जागा सोडावी लागली. त्यांच्या गणितांत चूक निघाली नव्हती. १९२१ पासून ते संततिनियमनाचें केंद्र चालवीत होते, आणि अध्यापकानें असा प्रचार करावा हें मिशनच्या कॉलेजाच्या चालकांना मानवलें नाहीं.

कर्वे नास्तिक, त्यांच्यापुरता पापाचा प्रश्न मिटलेलाच होता. ख्रिस्ती समाजापुरता तो मिटला नव्हता. पांच वर्षें लोटलीं, आणि १९३० सालीं लँबेथ येथें जमलेल्या अँग्लिकन बिशपांनींच ठरविलें कीं, संयम हा पहिला मार्ग खरा. तथापि मूल न होऊं देणें हें स्पष्ट नैतिक कर्तव्य असेल व पूर्ण संयम टाळण्यास तितकेंच सबळ कारण असेल, तर अन्य उपायही योजतां येतील. केवळ सोयीसाठीं मात्र नव्हे. (विल्सन कॉलेज स्कॉटिश मिशनचें, बिशप अँग्लिकन; एकाचा ठराव दुसऱ्यास बांधीत नाहीं, हें कबूल.) त्याच वर्षाच्या अखेरच्या दिवशीं पोप अकरावे पायस यांनीं असे सारे कृत्रिम उपाय घोर पाप ठरविले.

सदसद्विवेकबुद्धि म्हणजे वाटेल तसें वागण्याची सनद, असें ख्रिस्ती परंपरा कधींच मानीत नाहीं. थॉमस अक्वायनसच्या मतें चुकलेल्या विवेकाविरुद्ध वागणें हेंही पापच. परंतु निष्काळजीपणानें तो चुकला असेल, तर त्याचा दोष पुन्हां माणसावरच येतो. पळवाट कोठेंच नाहीं!

१९६८ सालीं पोप सहावे पॉल यांनीं आपल्याच मंडळाच्या बहुमताविरुद्ध तो निषेध कायम केला. त्याच सप्टेंबरांत कॅनडाच्या बिशपांनीं म्हटलें कीं, प्रामाणिक प्रयत्न करूनही ज्यांना तो पाळतां येत नाहीं, त्यांनीं सद्बुद्धीनें निवडलेला मार्ग विवेकाला धरूनच आहे.

आतां नांदेडच्या किंवा लातूरच्या एखाद्या आळींत दोन ख्रिस्ती शेजारणी आहेत असें समजावें. एक प्रॉटेस्टंट, दुसरी कॅथोलिक. चौथें बाळंतपण जिवावर बेतेल, असें डॉक्टरांनीं दोघींनाही बजावलें आहे. पहिलीनें नवऱ्याशीं बोलून, प्रार्थना करून निर्णय घ्यावयाचा. दुसरीनें दिवस मोजून किंवा संयमानें राहावयाचें. नियम मोडला, तर पापनिवेदन करावयाचें. पण तिचें मन तें पाप मानीतच नसेल, तर धर्मगुरूपुढें गुडघे टेकून ती नेमकें काय सांगणार?